बॅटरीचं पाणी

डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मी पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आईनं तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "हे तर इन्व्हर्टरच्या दुकानातलं हाय. बॅटरीत घालतेत ते."

"हो, तेच. दुसरीकडं कुठं मिळतंय सेलूत?"

"आणि हे ह्यांच्या नाकात घालायचं?"

"नाकात नाही गं बाई. बाटलीत."

आबा, म्हणजे माझे वडील, सेलूच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. सगळा जन्म कापसात गेला. हंगामात घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि आई दारातच त्यांना झटकायची. तो कापूस बाहेरून झटकला गेला, आतून कोण झटकणार? म्हातारपणी छातीनं दगा दिला. परभणीच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मशीनला एक बाटली असते. हवा त्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे काढत येते आणि नळीनं नाकात जाते, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. त्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, रोज बदलायचं, बाटली रोज धुवायची. एवढंच काम. मी आईला तीनदा समजावून सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

आईचं "बरं" मला कळायला पाहिजे होतं. भाजीवाल्यानं चढा भाव सांगितला की ती असंच "बरं" म्हणते आणि पुढच्या गाडीवर जाते.

मी परभणीत खोली करून राहते. करोनाच्या काळात घाईघाईनं ज्या मॉलिक्युलर लॅब उभ्या राहिल्या, तसल्याच एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रोगजंतू वाढवून बघत बसायचं नाही, त्याच्या डीएनएचा बारका तुकडा शोधायचा, हे आमचं काम. रविवारी पॅसेंजर धरून सेलूला जायचं, आबांशेजारी बसायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. प्रत्येक रविवारी कॅनमधलं पाणी कमी झालेलं दिसायचं आणि मी खूश व्हायचे. म्हटलं, चला, आई ऐकायला लागली.

आई कुठली ऐकतीय! बॅटरीचं पाणी ती बॅटरीतच घालत होती, घरच्या इन्व्हर्टरमध्ये. वर शेजारणीच्या इन्व्हर्टरलाही द्यायची, वाया कशाला घालवायचं म्हणून. पण हे मला फार उशिरा कळलं.

उन्हाळा चढला आणि आबांना ताप आला. खोकला होताच, पण आता ते भलतंच बोलायला लागले. पंख्याकडं बघून म्हणायचे, "गाडी मागं घ्या, काटा हलायलाय." आईनं फोन केला तेव्हा मी हातातलं काम टाकून निघाले. गाडी करून त्यांना परभणीला आणलं, दवाखान्यात भरती केलं. एक्स-रेमध्ये एका बाजूची छाती पांढरीफटक. न्युमोनिया.

इंजेक्शनं सुरू झाली. न्युमोनियाला जी नेहमी देतात ती, चांगल्यातली. ताप काही हटेना. बेडका तपासायला पाठवला, त्यात काहीच वाढलं नाही. छातीचे डॉक्टर तरुण होते, बोलायला रोखठोक. त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"तुमच्या लॅबमध्ये न्युमोनियाचा पीसीआर पॅनल आहे ना? त्यात लिजिओनेला पण येतो?"

"येतो, सर. पण आमच्याकडं आजवर कधी निघाला नाही."

"कुणी बघितलाच नाही, तर निघणार कसा? बघून घ्या. साध्या कल्चरमध्ये तो जंतू वाढत नाही आणि ह्या इंजेक्शनांना दादही देत नाही. असला, तर औषध बदलावं लागेल, तेही लवकर."

आबांच्या घशात नळी घालून छातीतला चिकट स्राव काढला होता. तो डबीत घेऊन मीच लॅबमध्ये गेले. रिक्षात डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. एवढ्याशा डबीत आपला बाप आहे, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येत होतं.

सॅम्पलला मी हात लावला नाही. माझी सहकारी म्हणाली, "तू बाहेर बस. बापाचं सॅम्पल हाताळायला जाशील आणि सगळ्या ट्यूब खराब करशील." बोलायला ती फटकळ आहे, पण माझ्यासाठी तिनं जेवण सोडून काम धरलं. स्रावातून डीएनए वेगळा काढायचा, इवल्या ट्यूबमध्ये घालायचा, मशीनमध्ये लावायचा. मशीन ते तापवतं, थंड करतं, पुन्हा तापवतं, आणि शोधतोय तो तुकडा त्यात असला, तर त्याचे दोनाचे चार, चाराचे आठ होत जातात. स्क्रीनवर प्रत्येक ट्यूबची एक रेघ असते. काही नसलं, तर रेघ तळाशी आडवी पडून राहते. असलं, तर बराच वेळ काहीच होत नाही आणि मग ती एकदम वर उठते, दूध उतू जातं तशी.

प्रत्येक वेळी एका ट्यूबमध्ये नुसतं शुद्ध पाणी ठेवतो आम्ही. त्या पाण्याची रेघ सपाटच राहायला हवी. ती उठली, म्हणजे पाण्यातच घाण आहे, मग सगळी तपासणी केराच्या टोपलीत. पाण्यावर भरवसा ठेवायचा नाही, ते आधी तपासायचं, ही सवय मला त्या कामानं लावली.

त्या दुपारी पाण्याची रेघ सपाट राहिली. आबांची उठली.

सहकारीनं मला आत बोलावलं आणि स्क्रीनकडं बोट केलं.

डॉक्टरांनी तासाभरात औषध बदललं. मग विचारलं, "हे माणसाकडून माणसाला होत नाही. पाण्यातनं येतं. कोमट, साठलेल्या पाण्यात वाढतं आणि बारीक तुषारांतून छातीत जातं. घरी कूलर आहे?"

"नाही. त्यांना सोसत नव्हता."

"ऑक्सिजनच्या बाटलीत काय घालता?"

"डिस्टिल्ड वॉटर," मी ठणकावून सांगितलं. माझ्या घरात बाटलीची चूक होणं शक्य आहे का?

आत गेले तर आई आबांच्या उशाशी बसली होती. दवाखान्याच्या भिंतीवरच्या ऑक्सिजनलाही तशीच बाटली होती, तशीच बुडबुड करणारी. आई तिच्याकडं टक लावून बघत होती. मला बघून तिनं पिशवीतनं एक लहान बाटली काढली, घट्ट बुचाची, आणि हळूच म्हणाली, "त्या सिस्टरला सांग ना, ह्यांच्या बाटलीत हे घाला म्हणावं. घरी हेच घालते मी. हे घातल्याबिगर ह्यांना आराम नाही पडायचा."

"काय आहे हे?"

"गंगेचं हाय. गंगाखेडहून आणलेलं. बॅटरीचं पाणी का माणसाला घालायचं असतंय? ते का गाडी हायत?"

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. दोन वर्षांमागं पर्वणीला आई गंगाखेडला गेली होती आणि दहा लिटरचा कॅन भरून आणला होता. देवघर पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात तिथं पाय ठेववत नाही, भट्टीच. त्या भट्टीत तो कॅन दोन वर्षं बसला होता आणि त्यातलं अर्धं फुलपात्र पाणी ती रोज नवऱ्याच्या बाटलीत घालत होती, हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन.

मी तिच्या हातातनं बाटली घेतली. "सिस्टर ओरडतील," एवढंच म्हणाले. बाटली पर्समध्ये टाकली.

त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं मी सेलूला गेले, कुलूप काढलं आणि चोरासारखी आपल्याच घरात फिरले. मशीनच्या बाटलीला आतून बुळबुळीत थर आला होता. तो काडीनं पुसून घेतला. देवघरातल्या कॅनमधलं पाणी घेतलं. गच्चीवर चढून काळ्या टाकीतलंही घेतलं, म्हटलं, कुणी सांगावं, टाकीतच असलं तर? खरं सांगते, टाकीत निघावं म्हणून मी गच्चीवर उभी राहून देवाला हात जोडले. नगरपालिकेवर चिडायला मला लय आवडतं, तिच्यावर ढकलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

सहकारीनं तेही लावलं. बाटली उठली. कॅन उठला. टाकी सपाट.

तिनं विचारलं, "आता?"

मी म्हटलं, "आता काय? काही नाही."

आबा मधे एक दिवस चांगले होते. ताप उतरला, मला ओळखलं. "ऊन लय असंल ना बाहेर? दुपारची फिरू नकोस," म्हणाले. आईला म्हणाले, "जेवलीस का?" आई तिथंच रडायला लागली. मग लघवी बंद झाली, मग श्वासाचं मशीन लावलं. औषध बरोबर होतं, पण छाती आधीच कापसानं खाल्लेली, तिच्यात तग धरायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं, तेव्हा आईनं पदराच्या गाठीतनं तुळशीचं पान काढलं आणि माझ्याकडं हात केला. ती लहान बाटली माझ्या पर्समध्ये होती. मी दिली. काय करणार होते? पोटात गेलेलं पाणी त्या घडीला काय बिघडवणार होतं? आईनं दोन थेंब त्यांच्या ओठांवर सोडले.

सेलूच्या घरी दहा-बारा दिवस माणसं येत राहिली. येणारी प्रत्येक बाई विचारायची, लय त्रास झाला का हो? आणि आई प्रत्येकीला सांगायची, "त्रास झाला, पण एक समाधान हाय. घरी होते तोवर श्वासाश्वासाला गंगा होती त्यांच्या. असं कुणाच्या नशिबात असतंय?" बायका हात जोडायच्या. मी आत चहा टाकत असायचे आणि हातातला चमचा फेकून मारावा असं वाटायचं. मी आईवर चिडले होते. लपवून काय उपयोग? तीनदा सांगितलं होतं मी. तीनदा! आणि मग तिला भिंतीला टेकून बसलेली बघितली की स्वतःच्याच रागाची लाज वाटायची. तिच्याइतकी सेवा कुणी केली असती? तिनं त्यांच्यावर केलेल्या मायेनंच त्यांना नेलं होतं, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते? ठरवून टाकलं, हे माझ्याबरोबर जाईल. तिला कळायचं नाही.

तेराव्यानंतर गल्लीतल्या एक काकू आल्या. त्यांच्या यजमानांचीही छाती गेलेली, तेही जिनिंगमध्येच होते. त्यांनाही आता ऑक्सिजन सांगितला होता. आईनंच त्यांना निरोप धाडला होता, मशीन घेऊन जा, पुण्याचं काम होईल म्हणून. मशीन पुसून ठेवलं होतं. बाटली घासून चकचकीत केली होती. आणि शेजारी, स्वच्छ धुतलेल्या बरणीत, गंगेचं पाणी.

"हे रोज थोडं थोडं घालत जा," आई त्यांना सांगत होती. "बॅटरीचं पाणी सांगतेत डॉक्टर लोक, नका ऐकू."

काकूंनी बरणी कपाळाला लावली.

मी उठले आणि त्यांच्या हातातनं बरणी काढून घेतली. जरा जोरातच ओढली गेली.

"मशीन न्या काकू. पाणी नको. बॅटरीचंच घाला. मी आणून देते."

"असं काय करायलीस?" आई म्हणाली. "देऊ दे की. आपल्याकडं हाय शिल्लक."

"नको म्हणलं ना!"

"अगं पण कामून?"

"त्याच पाण्यात निघालंय ते, आई! आबांच्या छातीत जे निघालं, तेच ह्याच्यात निघालंय!"

बोलून बसले. काकूंनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि "येते मी" म्हणून मशीन न घेताच निघाल्या. मीच ते उचलून त्यांच्या ओट्यापर्यंत नेऊन ठेवलं, नवी बाटली आणि नवा कॅन आणून देते म्हणून पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली. परत आले तेव्हा आई त्याच जागी उभी होती.

"ह्यांच्या तोंडात मी घातलं, ते?" तिनं विचारलं.

"त्यानं काही नाही झालं. पोटात जाऊन काही होत नाही."

"आणि नळीतनं?"

मी बरणी उचलून आत ठेवायला गेले. आईनं मग भांडी घासली, कणीक मळली, मला वाढलं. स्वतः जेवली नाही.

गंगेचं पाणी मोरीत ओतत नाहीत. ते गंगेतच सोडावं लागतं. म्हणून बरणीतलं पाणीही परत कॅनमध्ये ओतलं आणि दोन दिवसांनी आम्ही तो घेऊन गंगाखेडला निघालो. परभणीला गाडी बदलली. आईनं कॅन मांडीवर घेतला होता, मी घेते म्हटलं तर दिला नाही. पोखर्णी आलं. आबांचं कुलदैवत तिथला नरसिंह, त्यामुळं पोखर्णी आलं की आई खिडकीतनं हात जोडते, एवढंच काय, डब्यातल्या अनोळखी माणसांनाही जोडायला लावते. त्या दिवशी तिचे हात कॅनवरच राहिले.

घाटावर ऊन रणरणत होतं. पात्रात पाणी थोडं, शेवाळलेलं. काही दिवसांपूर्वी इथंच आबांची राख सोडली होती. आई पायऱ्या उतरली, कॅनचं बूच काढलं आणि पाणी सोडायला लागली. एवढा वेळ लागतो का उरलेल्या पाच लिटरला? शेवटचा थेंब पडेपर्यंत ती वाकून उभी होती. मग सवयीनं तिनं कॅन विसळला आणि पुन्हा पाण्यात बुडवला. गंगेवरनं रिकाम्या भांड्यानं कुणी परत जात नाही. कॅन निम्मा भरल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं तो तसाच पालथा केला.

"सांग," माझ्याकडं न बघता ती म्हणाली. "मीच ना?"

आजवर मी एकही रिपोर्ट बदललेला नाही. ओळखीच्या, वजनदार माणसांनी गळ घातली, तरी नाही. जे स्क्रीनवर, ते कागदावर.

"नाही गं," मी म्हणाले. "आपल्या गच्चीवरच्या टाकीतपण निघालं ते."

ती वळली. "टाकीत?"

"हो. काळी टाकी, वरनं ऊन. त्याच पाण्यानं आबा रोज अंघोळ करायचे ना, डोक्यावर तांब्या घेऊन? तिथनंच गेलं असणार आधी छातीत. बाटलीत काहीही घातलं असतं तरी..."

"बॅटरीचं घातलं असतं तरी?"

"तरी."

आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ही आता धरणार माझं खोटं. लहानपणापासून माझं एकही खोटं तिच्यापुढं टिकलेलं नाही. पण ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली.

घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. सरळ गच्चीवर गेली. मी मागोमाग चढले तोवर तिनं टाकीखालचा कॉक पूर्ण उघडला होता. आदल्याच दिवशी नळ येऊन गेला होता, टाकी गळ्यापर्यंत भरलेली. आता आठ-दहा दिवस नळ येणार नव्हता. पाणी गच्चीवरनं धो धो पन्हाळ्यातनं खाली गल्लीत पडायला लागलं. आमच्या गल्लीत भाजी धुतलेलं पाणी झाडाला घालतात आणि अंघोळीचं पाणी अंगणात मारतात. बायका धावत बाहेर आल्या.

"अहो काकू, कॉक उघडा राहिलाय! बंद करा, बंद करा!"

"राहिला नाही, मी उघडलाय!" आई कठड्यावरनं वाकून ओरडली. आबा गेल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "वाहू दे सगळं! ह्याच पाण्यानं घात केला माझ्या माणसाचा! माझ्या लेकीनं तपासलंय, इचारा तिला!"

खालून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. कुणीतरी घाईघाईनं आपली बादली पन्हाळ्याखालनं ओढून घेतली आणि भरलेलं पाणी ओतून दिलं.

पाणी स्वच्छ होतं. कडक उन्हात ते काचेसारखं चमकत चाललं होतं. आई ओली होऊन टाकीत डोकावत होती आणि तळ दिसायची वाट बघत होती. मी खाली जाऊन खराटा आणला आणि तिला टाकी घासू लागले.